हरगुडे साहेबांची शंभर मांजरं

मांजरांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. कुणी पाहुणा आला की नातवंडं मला पुढं करतात, ‘आजी, साहेबाची गोष्ट सांग’ म्हणतात, आणि मांजरांपाशी आलं की सगळे हसून उठून जातात. त्याआधी काय झालं, नंतर काय झालं, माझ्या वडिलांचं त्यात काय गेलं, हे ऐकायला कुणी थांबत नाही. धाकट्या नातसुनेनं तर परवा शेजारच्या बाईंना ती गोष्ट स्वतःच सांगितली, आणि तिच्या गोष्टीत माझे वडील नव्हतेच. तेव्हा वैतागून मी ही वही काढली. ज्याला अर्धीच गोष्ट हवी असेल त्यानं अर्ध्यावर वही मिटावी.

आम्ही मूळचे नगरकडचे. माझे वडील, शांतवन मास्तर, मिशनच्या शाळेत शिकले आणि तिथंच मास्तर झाले. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. कोल्हापूरला एक नवं साहेब कुटुंब येणार, त्यांना मराठी शिकवायला आणि ती शिकून होईपर्यंत साहेबांचा उपदेश लोकांना मराठीत सांगायला माणूस हवा, म्हणून बाबांना तिकडं पाठवलं. मी तेव्हा बारा वर्षांची असेन. आईचं हे चौथं बिऱ्हाड. मिशन सांगेल तिथं जायचं, हे तिनं लग्नातच कबूल केलं होतं, पण कबूल करणं वेगळं आणि उतरंडीची मडकी पुन्हा पुन्हा पेंढ्यात गुंडाळणं वेगळं, असं ती म्हणे. आम्ही आधी जाऊन शहराबाहेरचा बंगला झाडून, सारवून, खिडक्यांना पडदे लावून ठेवला. चारी बाजूंनी ऊस होता. हंगामात गुऱ्हाळाचा गोड, करपट वास घरात भरून राही, आणि सकाळी तालमीतून पोरं ओढ्याकडं पळत जात त्यांचे शड्डू ऐकू येत. कधी महाराजांची घोड्यांची गाडी रस्त्यानं गेली तर आम्ही सगळं टाकून कुंपणापाशी धावत असू, आणि आई मागून म्हणे, ‘बघा, बघा. घरात पाणी भरायचं आहे ते महाराज भरणार आहेत.’

साहेब कुटुंब आलं आणि त्यांच्यामागं सामान स्टेशनवरून बैलगाड्या भरभरून आलं. त्यांच्या देशात म्हणे सहा महिने बर्फ असतो. आईनं पेट्या उघडल्या आणि एकेक वस्तू पाहून ती बसतच गेली. लोकरीची पांघरुणं, लोकरीचे पायमोजे, बर्फावरून घसरायचे पोलादी पात्यांचे बूट, आणि एक भली मोठी लोखंडी शेगडी, धुराड्याच्या नळीसकट. चैत्र चालू होता. आईनं बाबांना विचारलं, ‘हिच्यावर भाकरी होते का?’ बाबांनी साहेबांना विचारलं आणि सांगितलं, ‘नाही. ही नुसती खोली तापवायला आहे.’ आई बाहेरच्या उन्हाकडं पाहत राहिली. ‘खोली तापवायला,’ एवढंच म्हणाली आणि आत गेली.

साहेबांचं आडनाव हारग्रेव्ह. कोल्हापूरच्या माणसांनी आठ दिवसांत त्याचं हरगुडे करून टाकलं, आणि साहेबांना वाटलं की लोकांनी आपल्याला आपलंसं केलं. उंच, लाल चेहऱ्याचा, अतिशय प्रामाणिक माणूस. प्रामाणिक माणसाचा किती त्रास होतो हे मी त्यांच्यामुळं लहानपणीच शिकले. मडमबाई त्यांच्या उलट, किरकोळ अंगाच्या आणि सदा घाबरलेल्या. उष्ण देशात कसं जगावं याचं एक पुस्तक त्यांनी आणलं होतं आणि त्या त्याबरहुकूम जगत. पोटाला दिवसरात्र फ्लॅनेलचा उबदार पट्टा. फळं लाल औषधाच्या पाण्यात अर्धा तास बुडवायची. भाजी तिचा रंग जाईपर्यंत उकडायची. आई त्यांचं घर बघायला नेमलेली, म्हणजे उकडण्याचं काम तिच्याकडं. ‘वांग्यानं काय पाप केलं आहे ते तरी सांगा,’ ती बाबांना म्हणे, ‘मी त्याला माफ करून टाकते.’ बाजारातली लाल चटणी मात्र आईलाही झेपत नव्हती. आम्ही नगरकडं काही मिळमिळीत खाणारी माणसं नव्हतो, पण इथली दूधवाली पाट्यावरचा गोळा पदरात बांधून आणायची आणि ‘खावा की, काय हुतंय’ म्हणून आईच्या हातावर ठेवायची. आई खायची, डोळे पुसायची, आणि मग त्याच डोळ्यांनी मडमबाईंचे बिनमिठाचे बटाटे सोलायची. एका घरात जीभ भाजते आणि दुसऱ्यात झोपते, असं तिचं म्हणणं होतं.

त्यांना एकच मुलगी, एडिथ, नऊ वर्षांची. पुस्तकात लिहिलं होतं की सकाळी नऊ ते दुपारी चार गोऱ्या मुलानं उन्हात गेल्यास मेंदूला अपाय होतो. त्यामुळं एडिथ दिवसभर व्हरांड्याच्या आत कोंडलेली, डोक्यावर हॅट. सावलीतसुद्धा हॅट. तिला सोबत म्हणून मला शाळा सुटली की तिच्यापाशी बसवत. आम्ही एकमेकींची भाषा शिकलो म्हणजे कुणी शिकवली नाही. खेळताना भांडायला शब्द लागतात, ते आपोआप येतात. माझी बोली एव्हाना नगरची राहिली नव्हती. दूधवाली आणि टांगेवाले दस्तगीरमामा यांच्याकडून मी जे उचललं तेच एडिथनं माझ्याकडून उचललं. वर्षभरात ती ‘मी जेवलो’, ‘मी आलो की’ असं बोलू लागली. कोल्हापूरकडं बायकापोरी असंच बोलतात. आईला ते ऐकवत नसे. ‘एक पोरगी मुलासारखी बोलत होती, आता दोन झाल्या,’ ती म्हणे.

मुलगी वर्षात शिकली ते साहेबांना जमत नव्हतं. रोज सकाळी सात ते नऊ बाबा त्यांना व्हरांड्यात शिकवत. साहेब कष्टाळू होते. शब्द वहीत उतरून घेत, पण इंग्रजी अक्षरांत, आणि ती अक्षरं दुसऱ्या दिवशी त्यांची त्यांनाच लागत नसत. त, ट, ळ, ण सगळं एकाच जागी येऊन पडे. सगळ्यांना ते ‘तू’ म्हणत, कारण देवाला ‘तू’ म्हणतात हे ते आधी शिकले होते आणि देवाहून मोठं कोण, असा त्यांचा सवाल. बाबांनी त्यांना शंभरदा सांगितलं की मामलेदाराला ‘तू’ म्हणू नका. नऊ वाजता बाबा घरी येत, तांब्याभर पाणी एका दमात पीत आणि म्हणत, ‘आज ण झाला.’ दुसऱ्या दिवशी ण परत गेलेला असे.

बाजाराच्या दिवशी दोघं आसपासच्या गावांना जात. पहाटे दस्तगीरमामा टांगा जुंपून आणत. साहेब बाजारात एखाद्या झाडाखाली उभे राहून इंग्रजीत उपदेश करत, बाबा शेजारी उभे राहून तो मराठीत सांगत. लोक दाटी करून ऐकत, कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. दुसऱ्या गावी दुसऱ्या साहेबांवर शेण फेकल्याच्या गोष्टी कानावर येत, आमच्या साहेबांच्या सभा मात्र शांत. साहेब त्याबद्दल रोज देवाचे आभार मानत. दस्तगीरमामा परत आले की आमच्या ओट्यावर चहा पीत आणि बाबांकडं बघून मिशीत हसत. ते का हसतात हे मला कळत नव्हतं.

एडिथ अकरा वर्षांची झाली तेव्हा तिनं भेट म्हणून एकच गोष्ट मागितली, बाजाराला न्या. मडमबाई दोन दिवस रडल्या. शेवटी दोन हॅटा, एकीवर एक, आणि उकळलेल्या पाण्याची सुरई एवढ्या बोलीवर परवानगी मिळाली, आणि तिच्याबरोबर मलाही धाडलं. हुपरीचा बाजार होता. चांदीचे पैंजण घडवणाऱ्यांच्या घरांतून हातोड्यांची बारीक टकटक चालली होती, रस्त्यावर मिरच्यांचे ढीग, कांद्याची पोती, घोंगडी. साहेब वडाखाली उभे राहिले. आम्ही दोघी टांग्यात बसून ऐकत होतो.

साहेबांनी सुरुवात केली. मला इंग्रजी आता ऐकून कळण्याइतकं येत होतं. ते म्हणाले, तुम्ही अंधारात आहात, तुम्ही दगडांपुढं वाकता, आणि ज्यांनी तारणाऱ्याचं नाव घेतलं नाही ते, तुम्ही आणि तुमचे वाडवडील, सगळे कधी न विझणाऱ्या आगीचे धनी आहात. हात वर करून, अगदी कळकळीनं म्हणाले. मग बाबांकडं पाहिलं.

बाबा म्हणाले, ‘साहेब म्हणतात, एकदा येशू चालून चालून दमला आणि एका विहिरीपाशी बसला. तिथं एक बाई पाण्याला आली. ती वेगळ्या जातीची. हिच्या हातचं पाणी त्याच्या जातीनं घ्यायचं नाही, असा तिथला रिवाज. येशू तिला म्हणाला, बाई, मला पाणी दे.’ आणि बाबा थांबले. मिरच्यांच्या ढिगामागची म्हातारी म्हणाली, ‘मग? दिलं का तिनं?’ बाबांनी पुढचं सांगितलं. साहेब पुन्हा आगीवर आले, बाबा विहिरीपाशीच राहिले. मला आठवतं, कांदेवाल्यानं हातातला तराजू खाली ठेवला होता. बाबांना मी तसं बोलताना घरात कधी ऐकलं नव्हतं. आमच्या आज्याला गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नसत, हे मला ठाऊक होतं.

एडिथ भुवया आवळून ऐकत होती. माझ्या कानाशी म्हणाली, ‘मास्तर येगळंच सांगत्यात की.’ मी तिला चिमटा काढला, ‘गप बस.’ ती गप्प बसली, बाजार संपेपर्यंत. परतीच्या वाटेवर साहेब खुशीत होते, गर्दी चांगली झाली होती. आणि ती पोर, मनात काही वाकडं नसताना, आपल्या बापाला इंग्रजीत म्हणाली, ‘पप्पा, तुमच्या आगीपेक्षा मास्तरांची विहिरीची गोष्ट मला जास्त आवडली.’

‘कसली विहीर?’ साहेबांनी विचारलं.

तिनं सांगितली. सगळी, पहिल्यापासून, म्हातारीच्या प्रश्नासकट. बाबा पुढं दस्तगीरमामांच्या शेजारी बसले होते. त्यांची पाठ ताठ झाली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. उतरताना दस्तगीरमामा हळूच म्हणाले, ‘मास्तर, आता काय खरं न्हाय बगा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबा नेहमीसारखे व्हरांड्यात गेले. मी आणि एडिथ आतल्या दाराआड मटार सोलत होतो. माणसं भांडताना आपल्या भाषेत भांडतात, पण हे दोघे इतके भिडस्त की साहेब मराठीत बोलत होते आणि बाबा इंग्रजीत.

‘किती दिवस?’ साहेबांनी विचारलं.

‘पहिल्या दिवसापासून.’

‘तू खोटा सांगितला.’

‘मी खोटं काही सांगितलं नाही. सगळं पवित्र पुस्तकातलंच सांगितलं. तुम्ही एक पान उघडत होता, मी दुसरं.’

साहेबांना मराठी पुरेना, ते इंग्रजीवर आले. ते म्हणाले, ‘ते पान मी लिहिलेलं नाही. मला ते आवडतं असंही नाही. पण ते आहे, आणि ते सांगायला मी माझी आई, माझं घर सोडून इथवर आलो. तू माझ्या तोंडातला शब्द काढून घेतलास.’ त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाबांनी समोरची शब्दांची वही मिटली. मग म्हणाले, ‘माझे वडील गावच्या वेशीवर राखण करत. पटकीच्या साथीत ज्या घरांनी त्यांना कधी अंगणात घेतलं नाही त्या घरांची मढी त्यांनी उचलली, आणि त्यातच ते गेले. मिशनचा पहिला माणूस आमच्या गावात आला त्याच्या दोन वर्षं आधी. तुमच्या त्या पानाप्रमाणं ते आता कुठं आहेत हे मला समजतं. ते मला भर बाजारात ओरडून सांगता येत नाही, साहेब. त्याला दुसरा माणूस बघा.’

मटार सोलायचे थांबले होते. साहेब पुन्हा मराठीवर आले. मग म्हणाले, ‘पुढच्या बाजारी मी आपण बोलेन. मराठी. तू ये, माझ्या बाजूला उभा राहा. बोलू नको.’

घरी आईला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. ‘दीड वर्ष,’ ती म्हणाली, ‘दीड वर्ष तुम्ही गावोगाव आपलं मन मोकळं करत फिरलात, आणि घरात मला एक शब्द नाही. मी इथं वांगी उकडत बसले.’ बाबा म्हणाले, ‘तुला काळजी लागली असती.’ ‘मग आता काय लागलं आहे?’ आईनं विचारलं. ‘नोकरी गेली तर जाऊ दे. पण ही मडकी मी पुन्हा पेंढ्यात घालणार नाही, आधीच सांगते.’ मग माझ्याकडं वळली, ‘आणि तुला कुणी सांगितलं होतं तिला मराठी शिकवायला? तिच्या बापाला येत नाही ते तिला येतं.’ मला आलेला राग मी एडिथवर काढला. आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. ती माझ्यामागं मागं फिरायची, ‘मी काय केलं गं? मी खरं त्येच सांगितलं की.’ तेच तर दुखणं होतं. बाप तसा, लेक तशी. आज वाटतं, तिला एका शब्दानं समजावलं असतं तर चाललं असतं. पण त्या वयात अबोला धरण्यात फार सुख असतं, आणि मी ते सोडलं नाही.

साहेबांनी आठवडाभर खोली बंद करून उपदेश लिहिला. बाबांना दाखवला नाही, एडिथलाही नाही. हरवलेल्या मेंढराचा दाखला त्यांनी निवडला होता. एका माणसाची शंभर मेंढरं असतात, एक हरवतं, तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. सोपी गोष्ट, धनगरांचा मुलूख, निवड शहाणपणाची होती. लोक काय म्हणतात ते नेमकं कळावं म्हणून एडिथला बरोबर घेतलं. ती हटून बसली की मी आले तरच ती येईल, म्हणून मीही. म्हणजे आमच्या घराचा घास ज्या पोरीमुळं अडकला तिच्याच मांडीला मांडी लावून मी पुन्हा हुपरीच्या वडाखाली.

साहेबांनी कागद उघडला. तोच, इंग्रजी अक्षरांतला. बाबा शेजारी हात बांधून उभे. साहेब मोठ्यानं म्हणाले, ‘एक मानूस होता. त्याला शंभर मांजर होती.’

घोळक्यात चुळबुळ झाली. समोर घोंगडं पांघरलेला एक म्हातारा धनगर बसला होता. त्यानं शेजाऱ्याला विचारलं, ‘किती म्हनला?’

‘शंभर.’

‘शंभर मांजरं? काय करतोय त्यो येवढ्यांचं?’

‘त्यांच्याकडं उंदरं लई असतील.’

साहेबांना वाटलं, लोक रमले. त्यांनी आवाज चढवला. एक मांजर हरवली. मानूस फार दुःखी. नव्याण्णव मांजर रानात सोडून तो डोंगर चढतो, काट्यात जातो, हाक मारतो. घामानं त्यांचा चेहरा निथळत होता आणि ते इतक्या जीव तोडून सांगत होते की हसणाऱ्यांनाही नीट हसता येईना. मी बाबांकडं पाहिलं. ते जमिनीकडं पाहत होते. ओठ घट्ट मिटलेले.

म्हातारा धनगर अखेर उभा राहिला. थट्टा नव्हती त्याच्या बोलण्यात, तो मनापासून सांगत होता. ‘पावणं, येक सांगतो, राग मानू नगा. मांजर हुडकाय जायला लागत न्हाय. ते आपलं आपण घरला येतंय.’

मग मात्र सगळा बाजार हसला. साहेब थांबले. त्यांनी कागदाकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. कांदेवाला बाबांना म्हणाला, ‘मास्तर, तुमी का गप हाय आज? सांगा की सायबाला.’ बाबांनी मान हलवली. त्यांना बोलायची मनाई होती आणि ते ती पाळत होते. मला अजून ठरवता येत नाही की तो आज्ञाधारकपणा होता की राग.

एडिथ टांग्यात उभी राहिली. दोन्ही हॅटा मागं पडल्या. ‘पप्पा, मांजर न्हवं,’ ती ओरडली, ‘मेंढरू म्हना, मेंढरू!’ गोऱ्या पोरीच्या तोंडून आपली बोली ऐकून लोक चकितच झाले. साहेबांनी बाबांकडं वळून इंग्रजीत हळू विचारलं, ‘मी काय म्हणत होतो?’

‘मांजर,’ बाबा म्हणाले.

साहेबांनी कागदाची घडी घातली. चेहरा आणखी लाल झाला, पण पाय रोवून तिथंच उभे राहिले. म्हणाले, ‘तू सांग.’

‘कोणतं? तुमचं की माझं?’

‘मेंढराचं.’

मग बाबांनी सांगितलं. फार वेळ घेतला नाही. धनगर पुढं सरकून बसला. संपल्यावर म्हणाला, ‘ह्ये बराबर हाय. मेंढराला घर कळत न्हाय, त्याला हुडकाय लागतंयच. पर मास्तर, दिस बुडाला आणि घावलं न्हाय तर?’

‘तर तो परत फिरत नाही. शोधत राहतो.’

‘किती दिस?’

‘सापडेपर्यंत,’ बाबा म्हणाले. ‘तसंच लिहिलं आहे.’

साहेब टांग्यापाशी आले आणि एडिथला विचारलं, म्हातारा काय म्हणाला, मास्तर काय म्हणाले. तिनं शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी तिच्याकडून ते दोनदा सांगवून घेतलं. वाटेत ते एकदाच बोलले, टांगा थांबवून घोड्याला पाणी पाजायला सांगितलं.

एवढ्यावर मिटलं असतं. दुसऱ्या कुणा साहेबानं मिटवलं असतं. पण मिशनला महिन्याचं पत्र लिहायचं होतं, आणि या माणसाला अर्धं खरं लिहिता येत नव्हतं. त्यांनी विहीर लिहिली, मांजरं लिहिली, आपली फजिती लिहिली, बाबांसारखा उपदेशक आपण पाहिला नाही असं लिहिलं, आणि दीड वर्ष बाबांनी आपला एकही उपदेश सांगितला नाही हेही लिहिलं. शेवटी विनंती केली की शांतवन मास्तरांना इथंच ठेवावं. पत्र वाचणाऱ्यांनी त्यातलं एकच वाक्य वाचलं. बाबांना उपदेशाच्या कामावरून काढून आजऱ्याकडच्या एका लहान शाळेवर मास्तर म्हणून जायचा हुकूम आला. साहेब हुकूम घेऊन स्वतः आमच्याकडं आले. ते एवढे खजील होते की आईलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. ‘खरं लिहायचं होतं तर थोडक्यात लिहायचं,’ ती मागाहून म्हणाली. ‘देवानं यांना जीभ दिली नाही आणि लेखणी एवढी का दिली?’

आईनं मडकी पेंढ्यात घातली. निघायच्या दिवशी मडमबाईंनी तिला लाल औषधाची बाटली दिली. आईनं ती घेतली आणि मग दोघी एकमेकींचे हात धरून जरा वेळ उभ्या राहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा आली नाही ती शेवटपर्यंत नाहीच. एडिथ भर उन्हात बाहेर आली. मी तिच्याशी बोलले, पण काय बोलावं हे सुचेना म्हणून आजऱ्याचा तांदूळ चांगला असतो असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, ‘मी येतो तिकडं.’ ती आली नाही. पुढं दोन वर्षांनी मडमबाईंच्या तब्येतीसाठी ते सगळे आपल्या देशी परतले असं कळलं.

गाडी जुंपली, आम्ही चढलो. बाबा सगळ्यांत शेवटी. तेव्हा साहेब पायऱ्या उतरून गाडीच्या चाकापाशी आले. हॅट काढून हातात धरली. बराच वेळ शब्द जुळवत असावेत. मग मराठीत म्हणाले, ‘मास्तर, तुझ्या बापाचा नाव काय?’

बाबांना आधी कळलं नाही. मग कळलं. ‘काळू,’ ते म्हणाले.

‘कालू.’

‘काळू,’ बाबा म्हणाले, सकाळी सात ते नऊच्याच सवयीनं. साहेबांनी पुन्हा म्हणून पाहिलं, नाही जमलं. तिसऱ्या खेपेला डोळे मिटून, जीभ मागं वळवून त्यांनी ते नाव नीट उच्चारलं. बाबांनी मान हलवली. साहेब बाजूला झाले आणि दस्तगीरमामांनी बैलांना हात लावून गाडी वळवून दिली.

उसाच्या कडेकडेनं आम्ही बरंच अंतर गेलो. बाबा आमच्याकडं पाठ करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. आईनं पाहिलं, मला जवळ ओढलं, आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, ‘दीड वर्षात एक शहाणा प्रश्न विचारला त्या माणसानं, आणि तोही आपण गाडीत बसल्यावर.’